उस्तादांचा उलटा खराद

माझ्या पत्र्याच्या शेडात कुणी जाणता कारागीर आला की त्याची नजर आधी कोपऱ्यातल्या खरादावर जाते. मग तो माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसतो. "मिस्त्री, हा उलटा बसवलाय की हो!" मी म्हणतो, व्हय, उलटाच हाय, चहा घेणार का? आजवर असं टोलवत आलो. यंदा दिवाळी अंकाचे संपादक घरी येऊन म्हणाले, तुमच्या कामातलं काहीतरी लिहा, मात्र जन्मापासून सुरू करू नका. मला हायसं वाटलं. तेरच्या सुताराघरी जन्मलो आणि लाकूड तासता तासता म्हातारा झालो, यात वाचायसारखं काय असणार? खरादाचं मात्र सांगण्यासारखं आहे. हसणाऱ्यांना एकदाचं उत्तरही मिळून जाईल.

खराद म्हणजे काय ते आधी सांगतो. लाकडाचा ओंडका यंत्रावर आडवा धरून गरगर फिरवायचा आणि फिरता असतानाच त्याला पटाशी टेकवायची. ढलप्या निघत जातात, लाकूड गोल होत जातं. याला कातणं म्हणतात. पाळण्याचे खूर, लाटणी, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, सगळं असं कातून निघतं. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गड्डा. त्यात बाहेरून आरे ठोकतात आणि मधल्या भोकातून गाडीचा कणा जातो. तुंबा चुकला की चाक चुकलं, आणि चाक चुकलं की शेतकरी भर बाजारात तुमच्या सात पिढ्या उद्धरतो.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या, आमच्या भाषेत लढाईच्या, काळातली. राज्य निजामाचं. पाट्यांवर उर्दूत उस्मानाबाद आणि आमच्या तोंडात धाराशिव. बेंबळीच्या वाटेवर हुसेन उस्तादांचा गाड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार दगडी भिंती, वर पत्रा आणि धूर ओकणारं एक तेलाचं इंजिन. मी तिथं ऐन पंचविशीत कामाला होतो. उस्ताद अंगानं काटकुळे, पण आवाज असा की रस्त्यावरचे बैल बुजायचे. लोखंडाचा माणसाला लोभ किती असावा? वाटेत वाकडा खिळा दिसला तरी वाकून उचलायचे आणि खिशात टाकायचे. नमाजाला जाताना त्यांचा खिसा खुळखुळायचा. लढाईमुळं लोखंड मिळणंच बंद झालं तेव्हा ते आम्हाला म्हणाले, "हसते थे ना रे मेरेकू? अब बोलो!"

तर या उस्तादांनी बार्शीच्या एका मोडीत निघालेल्या गिरणीतून लाकूड चिरायचं यंत्र आणलं. लोखंडाचं जड मेज, मेजाच्या मधोमध चीर आणि त्या चिरेतून अर्धी वर आलेली दातेरी गोल चकती. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, धाराशिव निजामाच्या. मधल्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या कारकुनानं ताडपत्री वर करून विचारलं, "ये तोप है क्या?" उस्ताद म्हणाले, "हौ, तेरेपेच चलानेकू लाया." त्या उत्तरापायी गाडी संध्याकाळपर्यंत नाक्यावर अडकून पडली. आम्ही त्या यंत्राला चक्री म्हणायचो. इंजिनावरून चामडी पट्टा लावला की चकती अशी कोकलायची की बोलणं खुणेवर यायचं. पण दोघांनी दिवसभर करवत ओढून जे काम व्हायचं ते चक्री न्याहारीच्या आत उरकायची.

चक्रीवर हात बसला तो बसप्पाचा. बसप्पा लिंगायताच्या घरातला. घरचं किराणा दुकान, थोरला भाऊ गादीवर. पण याचं मन वजनकाट्यात रमेना. लहानपणीच लाकडाच्या वासाला लागला तो लागला. वाकसानं, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारानं, तुंबा घडवावा तर बसप्पानंच. गज न लावता, नुसत्या नजरेनं. मी त्याला अण्णा म्हणायचो आणि मनातून जळायचो.

एका उन्हाळ्यात बाभळीची फळी चिरताना आत गाठ निघाली. चकती गाठीत अडकली की लाकूड उलट मागं फेकते. फळी उसळली आणि बसप्पाचा उजवा हात चकतीवर गेला. अंगठा गेला, शेजारची दोन बोटं गेली. मी पट्टा ओढून पाडला. उस्तादांनी स्वतःचा पटका फाडून हात बांधला. बसप्पा ओरडलाच नाही. नुसता हाताकडं बघत म्हणाला, "अय्यो यप्पा, आता वाकस कसा धरू?"

हात भरला, पण बसप्पा कारखान्यात आला नाही. भावानं त्याला दुकानात बसवलं. लोक चेष्टा करायचे की बसप्पा गुळाची ढेपसुद्धा फळी पारखल्यासारखी एक डोळा मिटून बघतो. तो हसायचा, पण ते हसू ओठांवरच राहायचं. मग एक दिवस त्याची बायको गुरुबाई कारखान्यात आली, डोक्यावर गाठोडं घेऊन. त्यात बसप्पाची सगळी हत्यारं होती. "ह्ये कुणालाबी द्या म्हणत्यात," ती म्हणाली, "घरात दिसली की जेवत न्हाईत." सुतारानं हत्यारं देऊन टाकणं म्हणजे काय, ते सुतारालाच कळतं. उस्तादांनी गाठोडं घेतलं आणि भिंतीच्या खुंटीला टांगलं. "इसकू कोई हात नक्को लगाव," एवढंच म्हणाले.

पुढं खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. कारखान्यातली रीत अशी, की ज्यानं त्यानं आपापली हत्यारं धुवायची, मांडायची आणि हळदकुंकू लावायचं. दुसऱ्याच्या हत्याराला लावायचं नाही. उस्ताद बाजूला बसून उदाची धुपाटी फिरवायचे, ती त्यांची आवड. त्या वर्षी खुंटीवरचं गाठोडं तसंच राहिलं. पेढा कुणालाच गोड लागला नाही. उस्ताद बराच वेळ त्या गाठोड्याकडं बघत बसले.

चक्रीजवळ आता कुणी जाईना. रक्त चाखलेलं लोखंड पुन्हा मागतं, असं आमच्यात म्हणायचे, आणि खरं सांगतो, मीही घाबरलोच होतो. उस्ताद आधी भडकले. लोखंडाचा काय गुन्हा, वगैरे झालं. मग एका सकाळी आलो तर ते चक्रीचे नट खोलत होते. "चिरणारं नको तुम्हाला? बरं. कातणारं करूंगा."

ते काम मी जन्मात विसरणार नाही. जुन्या यंत्रातून नवं काढायचं, नवं लोखंड कणभर मिळणार नाही. मेजाचा जाड पत्रा उतरवला. तो इतका सपाट होता की पुढं आम्ही त्याच्यावर चाकं जुळवायला लागलो, मधल्या चिरेत खुंटी उभी करून चाक फिरवलं की कुठं डुगडुगतंय ते लगेच दिसायचं. चक्रीच्या पोटातला दांडा, ज्याच्यावर चकती बसायची, तो खरादाचा मुख्य दांडा झाला. त्याच्या टोकाला आटे होतेच. तिथं चकतीऐवजी लोखंडी थाळी बसवली, थाळीवर लाकूड पकडायचं. पायांचे सांगाडे कापून लांब केले, पुढं पटाशी टेकवायला पट्टी केली. उस्ताद भात्यापाशी घामानं निथळत होते आणि मधूनमधून बार्शीच्या गिरणीवाल्याला दुवा देत होते.

राहिली चकती. तीच कुणी हातात घेईना. अशात गुरुबाई आली. दारातच उभी राहून म्हणाली, "ती चकती मला द्या, उस्ताद."

"तू क्या करेगी, बेटी?"

"इळी करून द्या. माझ्या घरातलं खाल्लंय तिनं. आता माझ्या घरात राबू दे तिला."

उस्ताद, जे वाकडा खिळा सोडत नव्हते, त्यांनी चकतीतला चांगला तुकडा कापून, घासून, स्वतः धार लावून तिची विळी केली. उरलेल्याची रंध्याची पाती झाली. बाईनं पोलादाला असं कामाला जुंपल्यावर आम्हा बाप्यांची भीती आपोआप गेली. ती विळी गुरुबाईनं मरेपर्यंत वापरली. तिच्या हातची शेंगाची चटणी खाल्लीय मी, पण विळीकडं बघायचं टाळून.

आता उलटं कुठं झालं ते सांगतो. खरादावर उभं राहिलं की यंत्राचं फिरवणारं डोकं आपल्या डाव्या हाताला असतं आणि लाकडाचं मोकळं तोंड उजव्या हाताला. जगभर असंच. कारण तुंब्याला भोक पाडायचं ते त्या मोकळ्या तोंडातून, आणि त्या वेळी जोर लागतो उजव्या हाताचा. उस्तादांनी खराद बसवला तो नेमका फिरवून. डोकं उजवीकडं, मोकळं तोंड डावीकडं. मी म्हणालो, "उस्ताद, उलटं झालं." ते म्हणाले, "तेरा डोकं उलटा है."

उलट्या बाजूला उभं राहायचं म्हणजे लाकूडही उलट फिरायला पाहिजे. त्यासाठी पट्ट्याला पीळ दिला. पण आटे चकतीच्या जुन्या फेऱ्यासाठी पाडलेले. उलट फिरल्यावर ते आवळायच्या ऐवजी सुटायला लागले. पहिल्याच दिवशी बाभळीचा ओंडका चढवला, इंजिन चालू केलं, मी पटाशी टेकवली आणि थाळी ओंडक्यासकट सुटून घरंगळत, उड्या मारत थेट दाराबाहेर! बाहेर तेरखेड्याचा एक दारूकामवाला उभा होता. लग्नात, उरसात शोभेची दारू उडवणारा माणूस. नळे वळायला गुळगुळीत कातलेल्या काठ्या घ्यायला आलेला. बिचारा आमच्या भट्टीच्या ठिणग्यांना भिऊन मुद्दाम बाहेरच थांबला होता. ओंडका त्याच्या दोन पायांमधून गेला. "मी बारूद कुटतो," तो म्हणाला, "पण तुमच्यापरीस माझं बरं हाय."

तो पुढं ज्या ज्या लग्नात गेला तिथं त्यानं ही हकीकत रंगवून सांगितली. महिन्याभरात आसपासच्या गावांत "उस्तादांचा उलटा खराद" हा थट्टेचा विषय झाला. आम्ही म्हणालो, उस्ताद, फिरवून सरळ बसवू, अर्ध्या दिवसाचं काम. त्यांनी काय करावं? दांड्यातून भोक पाडून आरपार खिट्टी मारली, थाळी सुटू नये म्हणून, पण खराद फिरवला नाही. "मेरा खराद, मेरी मर्जी." जन्मभर लोकांच्या चुका काढलेला माणूस स्वतःची एक चूक कबूल करेना, असं आम्हाला वाटलं. म्हातारपणाचा हेका, दुसरं काय!

त्या खरादावर कामाला लावलं मला. काय हाल झाले म्हणून सांगू! उजव्या हाताला यंत्राचं डोकं आड यायचं. भोक पाडताना मान वेळावून, कंबर मोडून, अंगाचा पीळ करून उभं राहावं लागायचं. बाहेरून तुंबा बरा व्हायचा, पण तोंड खडबडीत आणि भोक कलतं. बेंबळीच्या एका पाटलानं तर तुंबा परत आणून उस्तादांच्या पायाशी टाकला. मला वाटलं, आता तरी खराद फिरवतील. उस्तादांनी तुंबा उचलला, चौफेर बघितला आणि, मी पैजेवर सांगतो, ते खूश झाले.

"सोपान, ये लेके जा. बसप्पाच्या भावाच्या दुकानात काट्यावर वजन करून आण."

"तुंब्याचं वजन कशाला, उस्ताद?"

"जा बोला ना!"

मी खांद्यावर तुंबा घेऊन पेठेत गेलो. बसप्पा गादीच्या कडेला बसून डाव्या हातानं तुरीची डाळ मापत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि खांद्यावरचं बघून लगेच पडला. मी तुंबा पारड्यात ठेवला. बसप्पाची नजर तुंब्याच्या तोंडावर गेली. माप तसंच हातात राहिलं.

"ह्ये कुणी कातलं?"

मी दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायला लागलो.

"कुणी कातलं म्हणतोय मी! रेड्यानं कातलं का? आन् ह्ये भोक? ह्यात कणा घालायचा का उंदीर पाळायचा?"

"अण्णा, मीच कातलं," मी म्हणालो. "खराद उलटा हाय, माझा काय दोष?"

"यंत्राला नावं ठेवतो? चल, दाखीव मला."

तो तसाच उठला. डाळ घ्यायला आलेल्या म्हातारीनं हाक मारली, भावानं हाक मारली, यानं मागं वळून बघितलं नाही. पायात वहाणाही नव्हत्या. मी मागं, तुंबा खांद्यावर, आणि तो पुढं तरातरा, सगळी पेठ बघत होती.

कारखान्यात आल्यावर तो थेट खरादापाशी जाऊन उभा राहिला. मला शिकवायलाच आला होता बिचारा. "असं उभं राहायचं, असं धरायचं," म्हणत त्यानं पटाशी घेतली, डाव्या हातात, कारण दुसरा पर्यायच नव्हता. उजवा तळवा, बोटं गेलेला, पटाशीच्या पाठीवर नुसता दाबून धरला. लाकडाचं मोकळं तोंड त्याच्या डाव्या हाताच्या बरोबर समोर आलं. तिथं वाकावं लागत नव्हतं, अंग वळवावं लागत नव्हतं. तो बोलता बोलता थांबला. त्यानं पाय थोडे हलवले, पुन्हा पटाशी टेकवून बघितली आणि मान वर करून उस्तादांकडं बघितलं.

उस्ताद लगेच इंजिनाकडं वळले. "खडे क्या देखते रे सब? पट्टा चढाव!"

पट्टा मीच चढवला. माझे डोळे भरले होते, म्हणून पहिल्यांदा निसटला. ढलप्या सुटायला लागल्या, लांब, न तुटता. बाभळीचा वास पसरला. बसप्पा रडत होता आणि कातत होता. तोंड साफ झालं, भोक सरळ झालं. पाटलानं परत केलेला तुंबा पुढं त्याच पाटलाच्या गाडीला बसला. गुरुबाई वहाणा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिनं त्या आत ठेवल्या, खुंटीवरचं गाठोडं उतरवून नवऱ्याच्या पायाशी सोडलं आणि स्वयंपाकाला गेली.

त्या सालच्या खंडेनवमीला बसप्पानं हत्यारं मांडली. शेवटी खरादाच्या डोक्यावर, आपल्या कपाळावर ओढतो तशी, डाव्या हातानं भस्माची तीन बोटं ओढली. उस्तादांनी त्याभोवती ऊद फिरवला. थट्टा करणारे पुढंही करत राहिले आणि उस्ताद त्यांना "हौ, चुकलं आमचं," म्हणायला लागले.

मग निजामाचं राज्य गेलं. आनंद झालाच, पण त्या दिवसांत आमच्या भागात जे वाईट झालं तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल इथं लिहवत नाही. उस्ताद लेकीकडं गुलबर्ग्याला निघाले. कारखाना विकला गेला, खराद मात्र त्यांनी बसप्पाच्या नावानं ठेवला. त्यांना स्टेशनाला सोडायला गाडी मीच हाकली. चाकाचे तुंबे बसप्पाचे होते. ते वाटेत खाली वाकून त्या चाकांकडं बघायचे. मी धीर करून विचारलं, "उस्ताद, त्याच्यासाठी केलाय हे आम्हाला का सांगितलं न्हाय? वर्षभर लोकांचं हसू सोसलंत."

"बोलता तो वो आता क्या?" उस्ताद म्हणाले. "तुझ्यासाठी केलं, ये रे बाबा, असं म्हटलं असतं तर मेला असता, पण उंबरा चढला नसता. तेरेकू शिकवायला आला, म्हणून आला." मग पुन्हा चाकाकडं वाकून म्हणाले, "आणि तू कातायचास बी शिकवायला धावत यावं असंच, अल्ला कसम."

त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. बसप्पा त्या खरादावर रबरी टायरच्या गाड्या येईपर्यंत तुंबे कातत होता, नंतर पाळण्याचे खूर. मरायच्या आधी खराद माझ्या हवाली करून गेला. मी उजव्या हाताचा माणूस. माझ्या कामाचा तो तेव्हाही नव्हता, आजही नाही. मोडीवाला दरसाल विचारून जातो आणि मी त्याला चहा पाजून परत पाठवतो.

यंदाच्या खंडेनवमीला माझी हत्यारं पुजून झाली. रीत मोडून मी खरादापाशी गेलो, बसप्पा उभा राहायचा तिथंच उभा राहिलो. भस्म आणलं होतं. उजवा हात नीट पोचेना, म्हणून डाव्यानं तीन बोटं ओढली. वाकडी आली. एक वर, एक खाली, मधली अर्ध्यातच तुटलेली. मी मागं सरकून बघितलं आणि त्या रिकाम्या शेडात मोठ्यानं म्हणालो, "व्हय अण्णा, रेड्यानंच ओढलीत."